खिडकी मिलिमीटरमध्ये, पडदा सेंटिमीटरमध्ये: एकक ठरवून माप घेण्याची पद्धत

"खिडकी ४.५ बाय ३.८ आहे, काचेचा अंदाज सांगा." असे निरोप मला सतत येतात. ४.५ म्हणजे साडेचार फूट की चार फूट पाच इंच? दोन्हींत पूर्ण एका इंचाचा फरक पडतो. त्यातली रुंदी कोणती आणि उंची कोणती, हेही लिहिलेलं नसतं. अशा मापावर काच कापली तर ती बसली तरी नशिबानेच बसते.

घरच्या फर्निचरची आणि खिडक्यांची कामं करताना एक गोष्ट वारंवार दिसली. टेप धरता येत नाही म्हणून लोक चुकत नाहीत. कोणत्या एककात मोजायचं हे आधी ठरवलेलं नसतं, म्हणून चुकतात. शाळेत आपण शिकतो की लहान वस्तू सेंटिमीटरमध्ये, मोठी मीटरमध्ये आणि लांबचं अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं. परीक्षेला ते पुरतं. घरात कपाट बसवायचं असेल तर तीन मीटरची भिंतही मिलिमीटरमध्ये मोजावी लागते. त्याच भिंतीवर पडदा लावायचा असेल तर सेंटिमीटर पुरतात. भिंत बदललेली नसते, तिची लांबीही तीच असते. चूक झाली तर काय वाया जाईल, एवढंच बदलतं, आणि एकक त्यावरूनच ठरवायचं.

खाली क्रमाने टप्पे दिले आहेत. पहिले दोन टप्पे टेपला हात न लावता करायचे आहेत. नेमके तेच सगळेजण गाळतात.

टप्पा १: किती चूक चालेल, ते आधी लिहा

कागदावर कामाचं नाव लिहा आणि पुढे एका प्रश्नाचं उत्तर लिहा: यात किती कमी-जास्त झालं तरी काम निभावून जाईल?

स्लायडिंग खिडकीची चौकट, कपाटाचं दार, ओट्यातल्या शेगडीचं भोक, काच: इथे दोन-तीन मिलिमीटरची चूकसुद्धा डोळ्यांना दिसते किंवा वस्तू बसतच नाही. म्हणून एकक मिलिमीटर. पडदा, चादर, टेबलक्लॉथ: एक-दोन सेंटिमीटर इकडेतिकडे झाले तरी कोणाला कळत नाही. म्हणून सेंटिमीटर. बागेला नळी, अंगणाला तारेचं कुंपण: एक-दोन मीटर जास्तच घ्यायचे असतात. म्हणून मीटर.

नियम असा: जेवढी चूक चालणार आहे, त्याहून एकक मोठं नको. तीन मिलिमीटरची चूक चालत असेल आणि तुम्ही पूर्ण सेंटिमीटरमध्ये मोजलंत, तर आकडा जवळच्या सेंटिमीटरवर आणतानाच पाच मिलिमीटरपर्यंत चूक होऊ शकते. टेप बरोबर, हात बरोबर, तरी माप चुकीचं.

यासोबत आणखी दोन गोष्टी पाहा.

एक, झालेली चूक दुरुस्त करता येते का? ग्रॅनाइटमधलं शेगडीचं भोक लहान पडलं तर घासून वाढवता येतं. मोठं झालं तर ती फरशी गेली. टफन केलेली (तापवून मजबूत केलेली) काच तर नंतर कापताच येत नाही, कापायला जाल तर तिचा चुरा होतो. जिथे मागे फिरता येत नाही तिथे डोळे मिटून मिलिमीटर घ्या.

दोन, तीच चूक किती वेळा होणार आहे? जिन्याच्या एका पायरीची उंची तीन मिलिमीटरने चुकली तर फारसं बिघडत नाही. अठरा पायऱ्यांत तीच चूक चोपन्न मिलिमीटर होते आणि शेवटच्या पायरीला माणूस ठेचकाळतो. फरशीचंही तसंच. ६०० मिलिमीटरच्या दहा फरशा एका ओळीत ६००० होतात, पण मधल्या नऊ सांध्यांचे दोन-दोन मिलिमीटर धरले की ६०१८. एकटा सांधा क्षुल्लक वाटतो, ओळ मात्र अठरा मिलिमीटर पुढे सरकलेली असते.

*तपासा:* कागदावर कामाचं नाव, चालणारी चूक आणि एकक या तीन गोष्टी आल्या का? नसतील तर टेप काढू नका.

टप्पा २: एका कामाला एकच एकक

हा टप्पा लहान आहे, पण सर्वांत जास्त पैसे इथेच वाचतात. कागदाच्या डोक्यावर ठळक लिहा: "सर्व मापे मिमीमध्ये". त्यानंतर त्या कागदावर दुसरं एकक येता कामा नये. भिंत ३ मीटर ५ सेंटिमीटर असली तरी ३०५० लिहायचं. "एवढा मोठा आकडा कशाला?" असं घरचे विचारतील. विचारू द्या.

"१२१.५ सेंटिमीटर लिहिलं तर काय बिघडतं?" असा प्रश्न नेहमी येतो. गणितात काहीच बिघडत नाही, पण तो दशांशाचा ठिपका फार नाजूक असतो. कागदाचा फोटो काढून कारागिराला पाठवला की तो पुसट होतो. कारागीर तो आकडा लाकडावर पेन्सिलीने उतरवतो तेव्हा भुशात दिसेनासा होतो. १२१५ मध्ये हरवण्यासारखं काही नसतं. म्हणूनच फर्निचरच्या आराखड्यांत आणि शेगडी, ओव्हन, वॉशिंग मशीनच्या माहितीपत्रकांत मापं मिलिमीटरमध्ये असतात. तुमचा कागदही त्याच एककात असला की मध्ये रूपांतर करावं लागत नाही.

याचा आणखी एक फायदा आहे. सगळे आकडे एका एककात असले की चुकीचा आकडा आपोआप डोळ्यांत भरतो. दार २१००, खिडकी १२००, ओटा ८५० अशा यादीत कोणी २१० लिहिलं असेल तर ते सेंटिमीटर आहेत, हे लगेच कळतं.

डेसिमीटर, डेकामीटर, हेक्टोमीटर ही एककं मुलांच्या पुस्तकात शिडी समजावण्यासाठी चांगली आहेत. बाजारात, साईटवर ती कोणी बोलत नाही. कागदावर आणू नका.

टप्पा ३: एककाला शोभेल असं हत्यार

मिलिमीटरमध्ये मोजायचं ठरवलं आणि शिंप्याची कापडी टेप घेतली, तर ठरवण्याला अर्थ उरत नाही. कापडी टेप वापरून ताणली जाते. ती अंगाच्या मापांसाठी ठीक आहे. चौकटीसाठी पोलादी टेपच हवी, घरच्या कामाला पाच मीटरची पुरते. शाळेच्या प्लास्टिकच्या पट्टीवर शून्य बहुधा कडेपासून थोडं आत असतं. कडेपासून मोजलं तर तेवढी चूक सुरुवातीलाच होते.

टेपच्या टोकाची पत्र्याची आकडी हलते म्हणून काही जण ती ठोकून घट्ट करतात. तसं करू नका. ती मुद्दामच सैल ठेवलेली असते. फळीच्या कडेला अडकवून ओढली की ती बाहेर सरकते, भिंतीला टेकवून दाबली की आत जाते. असं सरकण्यामुळे आकडीच्या पत्र्याची जाडी दोन्ही वेळा हिशेबातून निघून जाते. आकडी वाकलेली किंवा झिजलेली असेल तर १०० मिलिमीटरच्या खुणेपासून मोजा आणि आलेल्या आकड्यातून १०० वजा करा.

सावधान: ही वजाबाकी विसरली की वस्तू बरोबर १०० मिलिमीटर मोठी बनून येते. म्हणून असं मोजताना वजाबाकी मनात करू नका, कागदावर करा: १३०८ − १०० = १२०८.

टेपवरचे मोठे आकडे सेंटिमीटरचे असतात, हे विसरू नका. १२० चा आकडा दिसला आणि त्यापुढे आठ बारीक रेघा मोजल्या, तर माप १२०८ मिलिमीटर. काही टेपवर एक मीटर झाल्यावर आकडे पुन्हा १०, २० असे सुरू होतात आणि मीटरची खूण फक्त लाल रंगात असते. अशा टेपवर १४०० ऐवजी ४०० लिहिलं जाणं फार सोपं आहे. नवी टेप घेतली की आधी ती पूर्ण उघडून आकडे कसे छापलेत ते पाहून घ्या.

दोन भिंतींच्या मधलं अंतर घेताना टेप कोपऱ्यात वाकवून अंदाजाने वाचू नका. डबी समोरच्या भिंतीला टेकवा, आकडा वाचा आणि डबीची लांबी त्यात मिळवा. ती लांबी पुष्कळ डब्यांवर छापलेली असते.

एकाच कामात दोन माणसं दोन टेपनी मोजणार असतील तर दोन्ही टेपनी एकच फळी मोजून पाहा. आकडा वेगळा आला तर एक टेप बाजूला ठेवा.

टप्पा ४: मोजण्याचा क्रम

खिडकीचं उदाहरण घेऊ, कारण सर्वांत जास्त घोळ तिथेच होतो.

१. आधी रुंदी, मग उंची. हा क्रम कधीच बदलायचा नाही. आकड्यापुढे "रुं" आणि "उं" लिहायचं.

२. रुंदी तीन ठिकाणी घ्या: वर, मध्ये, खाली. उंचीही तीन ठिकाणी: डावीकडे, मध्ये, उजवीकडे. गिलावा कितीही चांगला झालेला असला तरी तिन्ही आकडे क्वचितच सारखे येतात.

३. दोन्ही कर्ण घ्या. ते सारखे नसतील तर खिडकी काटकोनात नाही, हे कारागिराला सांगावं लागेल. कोपरा तपासायचा असेल तर कोपऱ्यापासून एका बाजूला ६०० वर खूण करा, दुसऱ्या बाजूला ८०० वर. दोन खुणांमधलं अंतर बरोबर १००० आलं तर कोपरा काटकोनात.

४. वस्तू आत बसायची असेल तर सर्वांत लहान आकडा धरा. वरून झाकायची असेल तर सर्वांत मोठा.

समजा रुंदीचे आकडे १२१२, १२०८ आणि १२१४ आले. चौकट आत बसायची आहे, म्हणून १२०८ धरायचे. आता हेच तीन आकडे पूर्ण सेंटिमीटरमध्ये वाचून पाहा: १२१, १२१, १२१. खिडकी एकदम सरळ आहे असं वाटतं! प्रत्यक्षात ती सहा मिलिमीटरने वाकडी आहे. १२१ सेंटिमीटरची चौकट बनवून आणली, तर मध्यभागी दोन मिलिमीटर अडकते. मग छिन्नी घेऊन गिलावा फोडायचा, रंग पुन्हा लावायचा आणि दोष कारागिराला द्यायचा. त्याने दिलेल्या मापाचीच चौकट बनवलेली असते.

*तपासा:* सहा आकडे आणि दोन कर्ण असे आठ आकडे कागदावर आहेत का? एकदा मोजून झाल्यावर दुसऱ्या कोणाला मोजायला सांगा, पण तुमचे आकडे त्याला दाखवू नका. आकडा माहीत असला की डोळ्यांना तोच दिसतो.

टप्पा ५: फूट, इंच आणि सूत यांचं काय करायचं

आपल्याकडचे सुतार आणि फॅब्रिकेटर आजही सूत बोलतात. एका इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत ३.१७५ मिलिमीटर. त्यांच्या हाताला ते माप बसलेलं असतं, त्यात गैर काही नाही. त्यांचं माप आणि तुमचं माप एका कागदावर भेटतं तेव्हा गोंधळ होतो.

सर्वांत चांगला उपाय म्हणजे रूपांतर न करणं. वस्तू समोर असेल तर मिलिमीटरमध्ये पुन्हा मोजा. वस्तू समोर नसेल तरच हिशेब करा, आणि तो असा: सगळ्याचे आधी इंच करा, इंचांना २५.४ ने गुणा आणि अगदी शेवटी एकदाच जवळच्या पूर्ण आकड्यावर आणा.

६ फूट ३ इंच ३ सूत घ्या. ६ फुटांचे ७२ इंच, त्यात ३, म्हणजे ७५. तीन सूत म्हणजे ०.३७५ इंच. एकूण ७५.३७५ इंच. २५.४ ने गुणलं की १९१४.५२५. म्हणजे १९१५ मिलिमीटर.

इथल्या तीन चुका मी पुन्हा पुन्हा पाहिल्या आहेत.

इंच म्हणजे २५ मिलिमीटर असं सोपं धरणं. एका इंचात फरक अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी, पण ७२ इंचांत तो जवळजवळ २९ मिलिमीटर होतो.

फूट म्हणजे ३० सेंटिमीटर धरणं. शाळेची पट्टी तेवढी असते म्हणून ही सवय लागते. आठ फुटांत ३८ मिलिमीटर कमी पडतात. प्लायचा आठ बाय चारचा ताव बाजारात २४४० × १२२० मिलिमीटर म्हणून मिळतो. २४०० × १२०० धरून कापणीची यादी केली तर सगळी आकडेमोड चुकते.

पाच फूट सहा इंचाला ५.६ फूट लिहिणं. ही सर्वांत घातक चूक. पाच फूट सहा इंच म्हणजे १६७६ मिलिमीटर, तर ५.६ फूट म्हणजे १७०७. तीस मिलिमीटरचा फरक. इंच बारा असतात, दहा नव्हे, म्हणून फुटांच्या मापात हा ठिपका लिहूच नये. (१६७६ हाच आपल्या रेल्वेच्या ब्रॉडगेज रुळांमधल्या अंतराचा आकडा आहे. रुळाच्या कामात असा ठिपका कोणी लिहिला असता तर काय झालं असतं, याचा विचार करा.)

टप्पा ६: माप पाठवणं

माप बरोबर घेऊनही ते पोचवताना बिघडतं. निरोप असा असावा:

"हॉलची खिडकी. रुं १२०८ × उं १४९५ मिमी. ओपनिंगचं माप. काहीही वजा केलेलं नाही. १ नग."

यातले "काहीही वजा केलेलं नाही" हे चार शब्द जीव टाकून लिहा. वस्तू आत बसावी म्हणून थोडी सूट सोडावी लागते. ती तुम्ही आधीच वजा केली आणि कारखान्यानेही सवयीने वजा केली, तर चौकट दुप्पट सैल होते आणि फटीत सिलिकॉन भरत बसावं लागतं. सूट कोणी सोडायची हे आधी ठरवा, आणि ती एकानेच सोडा.

आकडे कोणत्या लिपीत लिहायचे हेही आपल्याकडे ठरवावं लागतं. देवनागरी १ घाईत लिहिला की इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि देवनागरी ४ इंग्रजी आठसारखा. "१४००" हे परप्रांतातल्या कारागिराने "नऊ हजार आठशे" असं वाचलं तर तो निदान फोन करून विचारेल. पण "८४०" मधला चार त्याने आठ वाचला, तर ते त्याला खरंच वाटेल. एका कागदावर एकच लिपी ठेवा, आणि वाचणाऱ्याला सवयीची असेल तीच घ्या.

फोनवर माप सांगताना आधी "बाराशे आठ" म्हणा, मग सुटे अंक सांगा: एक, दोन, शून्य, आठ. समोरच्याकडून परत म्हणवून घ्या. त्याला संकोच वाटला तरी चालेल.

टप्पा ७: बाकीच्या कामांना कोणतं एकक

*पडदे.* सेंटिमीटर. दांड्यापासून मोजा, खिडकीच्या कडेपासून नको. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, म्हणून आधी कापड भिजवून घ्या, नाहीतर शिवताना तेवढं जास्त ठेवा. इथे मिलिमीटर मोजण्यात वेळ घालवू नका.

*कापड विकत घेताना.* मीटर आणि त्यातले सेंटिमीटर. जुन्या दुकानांत अजून वार बोलतात. वार म्हणजे ०.९१४४ मीटर. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या जरा आत, नऊ मीटर नव्हे. नऊवारी शिवून घेणाऱ्यांनी हे आधी दुकानदाराशी पक्कं करावं.

*टीव्ही.* जाहिरातीत "१०८ सेंमी (४३ इंच)" असं लिहिलेलं असतं. ती रुंदी नव्हे, पडद्याचा कर्ण आहे. अशा टीव्हीची रुंदी साधारण ९५-९६ सेंटिमीटर असते. १०८ धरून कोनाडा केला तर दोन्ही बाजूंना जागा मोकळी राहते. कोनाडा करायचा असेल तर माहितीपत्रकातली बाहेरची रुंदी मिलिमीटरमध्ये पाहा.

*मुलांची उंची.* सेंटिमीटर, आणि दर वेळी त्याच भिंतीला, चप्पल काढून. दवाखान्यातला वाढीचा तक्ता सेंटिमीटरमध्येच असतो. फुटात लिहून ठेवलेली उंची तिथे कामाला येत नाही.

*कुंपण आणि प्लॉटची बाजू.* मीटर, दशांशाच्या पुढे दोन आकडे. इथे ठिपका चालतो, कारण मोजणीच्या नकाशातही मापं मीटरमध्ये असतात. फक्त एक लक्षात ठेवा: लांबीतली चूक क्षेत्रफळात एका ओळीपुरती राहत नाही. वीस मीटर लांबीच्या प्लॉटची रुंदी दहा सेंटिमीटरने चुकली तर दोन चौरस मीटर जागा इकडची तिकडे होते.

*छतावरचं पावसाचं पाणी.* मिलिमीटर. एवढ्या मोठ्या पावसाला एवढं लहान एकक का, असा प्रश्न मुलं विचारतात. कारण तो मिलिमीटर सगळ्या छतावर पसरतो. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर शंभर लिटर. २६ जुलै २००५ ला सांताक्रुझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तेवढा पाऊस अशा गच्चीवर पडला तर ९४ हजार लिटरांहून जास्त पाणी होतं. टाकीचा आकार ठरवताना एक-एक मिलिमीटर मोजण्याचं कारण हेच.

*प्लास्टिकची जाडी.* मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कॅरीबॅगला सध्या किमान १२० मायक्रॉनचा नियम आहे, म्हणजे ०.१२ मिलिमीटर. पट्टीने हे मोजता येत नाही. त्याला मायक्रोमीटर हे जाडी मोजायचं उपकरणच लागतं.

टप्पा ८: वस्तू आल्यावर, बसवण्याआधी

चौकट किंवा काच टेम्पोतून उतरली की लगेच, कारागीर हत्यारं काढण्याआधी, ज्या टेपने खिडकी मोजली होती त्याच टेपने वस्तू मोजा. रुंदी, उंची आणि दोन्ही कर्ण. आकडे मूळ कागदाशेजारी लिहा. फरक ठरवलेल्या सुटीच्या आत असेल तरच बसवायला सांगा. नसेल तर वस्तू न बसवता परत पाठवा. एकदा स्क्रू मारले आणि सिलिकॉन भरलं की माप कोणाचं चुकलं यावर वाद होतो आणि तो बहुधा ग्राहकाच्या पैशातच मिटतो. तो कागद वर्षभर जपून ठेवा. जाळी, पडद्याचा दांडा किंवा ग्रिल करायची वेळ आली की पुन्हा त्याच आठ आकड्यांची गरज पडते.